मुरायला ठेवलेला आवाज

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या अलीकडं,
लुंकडांनी काउंटरवर तो अँप ठेवला,
साबणाच्या वडीएवढा, तितकाच निसरडा,
आणि म्हणाले, आज ऐकू नका.
दोनशे तास वाजू द्या. मग बोला.
नवी कोल्हापुरी चावते की नाही? तसंच.

पहिल्याच रात्री ऐकला, अर्थात.
चावला.
झांजा कात्रीसारख्या,
तंबोरा पत्र्यावर वाळत घातलेला,
आणि बाईंचा आवाज उंबऱ्यापाशी उभा,
या म्हटलं तरी आत येईना.

मग त्याला कपाटात ठेवला, स्वेटरांच्या खणात,
वायर फटीतून बाहेर,
हेडफोन उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
मी शिवाजीनगरला विम्याचे दावे तपासत बसायचो
आणि इकडे कर्वेनगरला भर दुपारी
स्वेटरांना कुणीतरी मारवा ऐकवत असायचं.
वैजयंती विचारायची, मुरलं का लोणचं?
खण उघडून कान नाही, हात लावायची,
जसा तापातल्या पोराच्या कपाळाला.
कोमट आहे, म्हणायची. जगेल.

चौकड्यांच्या वहीत मी तास लिहिले.
चाळीस. झांजेची धार गेली.
एकाहत्तर. काही नाही. गुरुवारची वीज गेलेली, तीन तास वजा.
एकशे दहा. खर्ज टेकला, दमलेला माणूस
खुर्चीत टेकतो तसा.
एकशे साठ. गाणं सुरू व्हायच्या आधी
मागं कुणीतरी पानाचा डबा बंद करतं.
इतकी वर्षं हीच मैफल ऐकतोय,
हा डबा कुठं होता?
दोनशे. बाई आत आल्या. बसल्या.
मी बराच वेळ दिवा लावला नाही.

शर्वाणी, माझी भाची, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला,
पुराव्याशिवाय चहाही न पिणारी.
लुंकडांकडून तसाच दुसरा घेऊन आली,
कोरा, सात दिवसांत परत करायच्या बोलीवर.
दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा केला,
दोन्हींची लेबलं खरवडून काढली,
माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली.
सांग मामा, मुरलेला कोणता?
हा. हा. हा नाही, मघाचा.
दहा वेळा.
सहा बरोबर आले.
नाणं उडवलं तरी सहा येतात, ती म्हणाली,
आणि ते वहीत लिहून ठेवलं,
दोनशेच्या खाली, पेन्सिलीनं,
म्हणजे मला खोडता यावं.
तेवढी माया आहे तिच्यात.

कुठला कोणता हे तिनं एका कागदावर लिहिलं होतं.
त्याच कागदात वैजयंतीनं तिला चकल्या बांधून दिल्या.
रात्री फोन आला तेव्हा
कागद तेलकट होऊन कचऱ्यात गेलेला,
आणि माझ्यापुढं टेबलावर दोन सारख्या वड्या.
हात लावून पाहिला. दोन्ही गार.
कान लावून पाहिला.
दोन्हींत बाई आत होत्या.
दोन्हींत पानाचा डबा बंद झाला, ठक,
त्याच जागी, त्याच बेफिकिरीनं.

सातव्या दिवशी एक परत केला.
लेबल अंदाजानं चिकटवलं.
लुंकडांनी उलटापालटा करून पाहिला,
फडक्यानं पुसला, काचेमागं ठेवला.
कसा काय, उघडला का तुमचा?
उघडला, मी म्हणालो,
आणि माझं मलाच कळेना
की काचेमागचा उघडला की खिशातला.

आता हडपसरचा कुणी पोरगा तो घेऊन जाईल.
पहिल्या पगारातला असेल.
लुंकड त्याला चपलेचं सांगतील.
तरी तो रात्री ऐकेल,
आणि म्हणेल, हं, चावतोय थोडा.
मग माझे दोनशे तास
स्वतःच्या स्वेटरांत ठेवून देईल,
आणि नव्या वहीत, पहिल्या चौकडीत,
लिहील: एक.